कुत्रं घेताय? आधी त्याची जुनी नोकरी विचारा

मे महिन्यात नागपूरला चुलत दिरांकडे गेले होते. बाहेर ४५ अंश. त्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली चोवीस तास गार ठेवलेली, आणि त्या खोलीत माणूस कुणी नाही. फरशीवर पोट टेकून एक सायबेरियन हस्की पडलेला, समोर बर्फाचे खडे घातलेलं पातेलं. पुतण्याने मोबाइलवर निळ्या डोळ्यांचे व्हिडिओ बघून हट्ट धरला होता, वाढदिवसाला पिल्लू घरी आलं. जाऊबाई म्हणाल्या, "पहाटे साडेचारला याला फिरवून आणायचं, मग दिवसभर दार उघडायची सोय नाही. एवढं करूनही संध्याकाळी सोफा फाडतो तो फाडतोच."

सोफा का फाडतो, याचं उत्तर नागपुरात सापडत नाही. त्यासाठी सायबेरियाच्या पार ईशान्य टोकाला जावं लागतं. तिथल्या चुकची लोकांनी ही कुत्री बर्फावरच्या गाड्या ओढायला तयार केली. हलकं ओझं, थोडं खाणं आणि दिवसभर न थकता पळणं, एवढंच काम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती अलास्कात आली. १९२५ च्या हिवाळ्यात तिथल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा औषध पोचवायला ना रस्ता होता ना विमान. २० गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्री यांनी टप्प्याटप्प्याने सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापलं. शेवटच्या टप्प्यात पुढे असलेल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा आजही न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात आहे. खरं तर सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा टोगो नावाच्या कुत्र्याने काढला होता, पण पुतळा नेहमी शेवटी गावात शिरणाऱ्याचाच होतो. त्या कुळातला हा प्राणी दोन बेडरूमच्या घरात बसलाय. कामधंदा नाही, अंगात ताकद आहे, मग सोफ्याचं जे व्हायचं ते होतं.

कुत्र्याची 'जात' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रूप येतं: कान कसे, शेपटी कशी, रंग कोणता. पण बहुतेक जाती रूपासाठी जन्मल्याच नाहीत, त्या कामासाठी जन्मल्या. लांडग्यापासून कुत्रा वेगळा झाला त्याला किमान पंधरा हजार वर्षं झाली, आणि त्यातला जवळजवळ सगळा काळ लोकांनी कुत्र्याकडे एकाच नजरेनं पाहिलं: हा काय करतो? मेंढरं चांगली वळवणाऱ्या कुत्र्याचं पिल्लू शेजारचा धनगर मागून नेई, न वळवणाऱ्याचं कुणी नेत नसे. एवढ्या साध्या निवडीतून, पिढ्यान्‌पिढ्या, वेगवेगळ्या कामांची वेगवेगळी कुत्री तयार झाली.

रूपाचं वेड नंतरचं आहे, आणि तेही इंग्लंडचं. १८५९ मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात फक्त शिकारीतले पॉइंटर आणि सेटर होते. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. आता प्रत्येक जातीची वंशावळीची वही निघाली आणि तिच्यात ज्यांच्या आईबापांची नावं आहेत तीच पिल्लं 'शुद्ध' ठरू लागली. पुढे क्रफ्ट्स हे सर्वांत प्रसिद्ध प्रदर्शन सुरू करणारे चार्ल्स क्रफ्ट कुत्र्यांची बिस्किटं विकणारे गृहस्थ होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं. वही बंद झाली की लग्नं घरातल्या घरातच होऊ लागतात. आज काही जातींना ठरावीक आजार हमखास होतात, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो लॅब्रेडॉर, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू. त्याच्या नावातच गफलत आहे. तो कॅनडातल्या लॅब्रेडॉरचा नाही, त्याच्या दक्षिणेला असलेल्या न्यूफाउंडलंड बेटावरचा. तिथल्या कोळ्यांकडे काळी, दाट केसांची, पोहण्यात तरबेज कुत्री असत. गळातून निसटलेला मासा गारठलेल्या पाण्यात उडी मारून धरायचा, जाळ्याचा दोर तोंडात पकडून आणायचा, ही त्यांची रोजची कामं. मासळीच्या जहाजांवरून ही कुत्री इंग्लंडच्या पूल बंदरात उतरली. तिथल्या उमरावांना ती आवडली आणि माशांच्या जागी बंदुकीने पाडलेली बदकं आली. १९०३ मध्ये केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. मूळचं कोळ्यांचं कुत्रं मात्र विसाव्या शतकात नामशेष झालं.

आता हे डोक्यात ठेवून घरातल्या लॅबकडे बघा. पाहुणे आले की तो कुणाची तरी चप्पल तोंडात घेऊन दारात उभा राहतो. आपण म्हणतो चोरली. त्याच्या लेखी तो कामावर आहे. पाडलेला पक्षी न चिरडता आणायचा, म्हणून याचं तोंड मऊ ठेवलं गेलं. गार पाण्यात पोहण्यासाठी अंगावर केसांचे दोन थर आले, आणि म्हणून ठाण्याच्या दमट हवेत त्याचे केस बाराही महिने आमटीत सापडतात. माणसाच्या इशाऱ्याकडे लक्ष ठेवून काम करायचं, म्हणून तो शिकवायला सोपा. हे सगळं एका घराण्याचं आहे, सुटं सुटं मिळत नाही.

आणि खाणं! लॅबला 'हावरट' म्हणण्याआधी एक गोष्ट ऐका. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण दर चौथ्या लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा जो निरोप मेंदूला जायला हवा तो नीट जात नाही. गंमत म्हणजे मदतनीस म्हणून शिकवलेल्या लॅबमध्ये हा दोष तीन चतुर्थांश कुत्र्यांत सापडला. खाऊसाठी काहीही करायला तयार असलेला विद्यार्थी शिक्षकाला आवडणारच. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले. ते कुत्रं लॅब असतं तर तुपामागून वाटीही गेली असती. आपल्याकडे मात्र लॅबच्या डोळ्यांतली ती कायमची भूक बघून आजी-आजोबा चहात बुडवलेलं बिस्किट देतात, मग दुसरं देतात, आणि तीन वर्षांत कुत्रं पिंप होतं. या जातीत खुब्याचे सांधे मुळात कमजोर असू शकतात, त्यावर हे वजन. लॅब घरात आणायचा तर पट्ट्याआधी मापाचा डबा आणा.

गोल्डन रिट्रीव्हर याचा सोनेरी चुलतभाऊ. स्कॉटलंडच्या एका जमीनदाराने, पुढे लॉर्ड ट्वीडमथ झालेल्याने, १८६८ मध्ये पिवळ्या रिट्रीव्हरची, म्हणजे पाडलेली शिकार आणून देणाऱ्या कुत्र्याची, आणि पाण्यात काम करणाऱ्या स्पॅनियलची जोडी लावली. रशियन सर्कशीतून कुत्री विकत घेतल्याची कथा बराच काळ सांगितली जाई. त्या जमीनदाराची स्वतःची पैदाशीची वही १९५२ मध्ये छापून आली आणि ती कथा निकालात निघाली. स्वभावाने लॅबपेक्षा थोडा हळवा, केस त्याहून जास्त, विंचरायला रोजचा वेळ लागतो. बाकी लॅबबद्दल म्हटलं ते सगळं यालाही लागू.

आमच्या लहानपणी बंगल्याच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी असे आणि आतल्या कुत्र्याला सगळे 'अल्सेशियन' म्हणत. हा शब्द पहिल्या महायुद्धाची देणगी आहे. जर्मन नाव नको म्हणून इंग्रजांनी जर्मन शेफर्डला अल्सेशियन केलं. ब्रिटनमध्ये जुनं नाव परत यायला १९७७ साल उजाडलं, आपल्याकडे तर काही आजोबा अजून बदललेले नाहीत. जातीचा जनक मॅक्स फॉन स्टेफानिट्झ हा घोडदळातला निवृत्त कॅप्टन. १८९९ मध्ये त्याने एका प्रदर्शनात लांडग्यासारखं दिसणारं, मेंढ्यांवर काम करणारं कुत्रं पाहिलं, तिथल्या तिथे विकत घेतलं, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि आपल्या नव्या वहीत त्याला पहिला क्रमांक दिला.

'शेफर्ड' म्हणजे मेंढपाळ हे आपण विसरतो. उभ्या पिकांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात मेंढ्या चरत असताना कडेने येरझाऱ्या घालून जिवंत कुंपण व्हायचं, एकही मेंढी पिकात शिरू द्यायची नाही, हे त्याचं मूळ काम. घरातही तो तेच करतो. चार माणसं चार खोल्यांत असली की अस्वस्थ, सगळे हॉलमध्ये टीव्हीपुढे आले की शांत. मुलं पळाली की कडेने पळत त्यांना घेरतो. हुशार, एकनिष्ठ, पण डोक्याला काम हवं. सकाळी दहा मिनिटं खाली आणि संध्याकाळी दहा मिनिटं, एवढंच जमणार असेल तर हा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डोबरमन हा एका माणसाच्या नावावरून ओळखला जातो. जर्मनीतल्या अपोल्डा गावचा कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमन कर वसूल करायचा. वसुलीला जाताना सोबत दरारा असावा म्हणून त्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे कुत्रं घडवलं. कोणकोणत्या जाती मिसळल्या हे त्याने लिहून ठेवलं नाही. रॉटवायलर हा रॉटवाइल गावच्या खाटकांचा. गुरं बाजारात हाकत न्यायची आणि मांसाच्या गाड्या ओढायच्या. रेल्वे आली, गुरं डब्यातून जाऊ लागली, याची नोकरी गेली, मग पोलिसांनी ठेवून घेतलं. दोघंही आपल्या माणसांशी प्रेमळ असतात. पण अनोळखी माणसाबद्दल संशय हा त्यांच्या घडणीचा भाग आहे, आणि ज्या घरात दिवसातून सहा वेळा डिलिव्हरीवाले येतात तिथे तो सांभाळायला अनुभव लागतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राने रॉटवायलरसह २३ जातींवर निर्बंध घालायला राज्यांना सांगितलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द केलं.

बीगल दिसतो खेळण्यासारखा, त्यात फसगत होते. इंग्लंडमध्ये तो टोळीने सशाचा माग काढायचा. नाक जमिनीला लागलं की कान बंद; तुम्ही 'टॉमी, टॉमी' करत राहा. शिकारी मागे राहिला तरी त्याला आवाजावरून पत्ता लागावा म्हणून बीगलचा हेल लांब आणि खणखणीत. हाच हेल सोसायटीत दुपारी दोनला लागला की सेक्रेटरींचा फोन येतो. टोळीतला प्राणी असल्याने एकटं राहणं त्याला सोसत नाही, म्हणून दोघंही नोकरीला जाणाऱ्यांनी जपून. डाक्सहुंड हा बिजूच्या, म्हणजे जमीन खणून राहणाऱ्या बॅजरच्या, बिळात घुसणारा. त्याचे आखूड पाय एका जनुकाच्या जास्तीच्या प्रतीमुळे आहेत, आणि तीच घडण पाठीच्या मणक्यांना महागात पडते. बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर त्याला रोज उचलून न्यावं लागेल.

आता पग. याचं काम इतरांपेक्षा वेगळं होतं: मांडीवर बसणं. चीनच्या राजदरबारातून डच व्यापाऱ्यांबरोबर तो युरोपात गेला, आणि आपल्याकडे २००३ च्या सुमारास हच मोबाइलच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे चालत घराघरात आला. त्याआधी पग म्हणजे काय हे कितीजणांना ठाऊक होतं! त्या जाहिरातीने नेटवर्क किती विकलं ते कंपनी जाणे, पिल्लं मात्र भरपूर विकली.

मांडीवर बसायला फार पळावं लागत नाही, म्हणून फ्लॅटसाठी हा उत्तम, असा हिशेब केला जातो. यात शरीराची बाजू सुटते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो तोंड उघडून धापा टाकतो आणि नाकातल्या, घशातल्या ओल्या पृष्ठभागावरून उष्णता बाहेर टाकतो. पगचं नाक पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत नेलं, हाडं लहान झाली, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. घशामागची मऊ टाळू श्वासाच्या वाटेत लोंबते, नाकपुड्या चिरीएवढ्या. त्यामुळे गार होण्याचं यंत्रच निकामी. पगचं ते गोड घोरणं म्हणजे अनेकदा श्वास न पुरल्याचा आवाज असतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी त्याला फिरवणं हे थट्टेवारी न्यायचं काम नाही. ब्रिटनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या २०२२ च्या अभ्यासात पगला काही ना काही आजार असण्याची शक्यता इतर कुत्र्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. बुलडॉगची गत हीच. बैलाशी झुंजवायला घडवलेला हा प्राणी. १८३५ मध्ये इंग्लंडने ती झुंज बंद केली, तेव्हा त्याला रिंगणातून काढून दिवाणखान्यात आणलं आणि तिथे चेहरा आणखी चपटा केला. शिह त्झूचं नाकही आखूडच. त्यात केस सतत वाढणारे, म्हणजे दर महिन्या-दीड महिन्याला कापायचे. पग वाईट कुत्रा आहे असं मी म्हणत नाही, अतिशय लाघवी असतो. पण घेणाऱ्याने नाकपुड्या उघड्या असलेलं पिल्लू बघावं, आणि उन्हाळ्याचा व डॉक्टरांचा खर्च आधी मोजावा.

पांढऱ्या केसांचा 'पामेरियन' आपल्या कितीतरी घरांत होता. तो बहुतेक वेळा पॉमेरेनियन नसतोच. खरा पॉमेरेनियन बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया भागातला, पूर्वी चांगला मोठा, राणी व्हिक्टोरियाने इटलीहून छोटा आणला तेव्हापासून छोट्याची फॅशन. आपल्याकडचा जरा मोठा, निमुळत्या तोंडाचा, तो इंडियन स्पिट्झ. 'हम आपके हैं कौन'मधला टफी तोच. इथल्या हवेत पिढ्या काढलेला, तब्येतीने काटक, भुंकण्यात कसर नाही. गेल्या वीस वर्षांत पगने आणि शिह त्झूने त्याला मागे सारलं, याचं मला वाईट वाटतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, म्हणजे जात कळली की कुत्रा कळला. तसंही नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासून एक मोठा अभ्यास झाला. एखाद्या कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचा जेमतेम नऊ टक्के उलगडा जातीवरून होतो असं त्यात निघालं. मग वर सांगितलेलं सगळं खोटं? नाही. आणून देणं, हुकूम ऐकणं, असे कामाशी जोडलेले गुण जातीप्रमाणे बऱ्यापैकी बदलतात. पण पाहुणे आवडतात का, फटाक्यांना घाबरतो का, लहान मुलाने शेपटी ओढली तर काय करतो, हे जात फारसं सांगत नाही. ते त्या एका कुत्र्याचं असतं, आणि बरंचसं त्याच्या तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात ठरतं. त्या दिवसांत पिल्लाने माणसं, रिक्षा, कुकरची शिटी, छत्री, दाढीवाला काका, सगळं न घाबरता पाहिलेलं असावं लागतं. अंधाऱ्या पिंजऱ्यात वाढलेला 'कागदवाला' लॅबसुद्धा भित्रा निघू शकतो.

म्हणून पिल्लू जिथे जन्मलं ती जागा आणि त्याची आई डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझ्या मैत्रिणीला एका विक्रेत्याने हायवेवरच्या धाब्यापाशी बोलावून खोक्यातून पिल्लू दिलं. तिसऱ्या दिवशी पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार, सहाव्या दिवशी संपलं. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते. आई दिसली की पिल्लाचा आकार, केस आणि बराचसा स्वभाव समोर दिसतो. वडिलांचा फोटो बघून काही कळत नाही.

आपल्या मातीतल्या जातींचं काय? दख्खनच्या पठारावर, सोलापूर-लातूरकडे आणि खाली कर्नाटकात, कारवानी कुत्री आहेत: लांबुडकं तोंड, पोट खपाटीला, पाय काड्यांसारखे, धाव वाऱ्यासारखी. मध्य आणि पश्चिम आशियातून आलेल्या काफिल्यांबरोबर त्यांचे पूर्वज आले असं मानतात, नावही त्यावरूनच. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्यांची जोपासना केली म्हणून तिकडे त्यांना मुधोळ हाउंड म्हणतात; २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं. हा नजरेने शिकार हेरणारा, सशामागे सुटणारा. सशाची शिकार आता गुन्हा आहे, तेव्हा हाही बेकारच. शेतावर, मोठ्या कुंपणात त्याच्यासारखा राखणदार नाही. फ्लॅटमध्ये मात्र दोन अडचणी. एक, मांजर पळालं की पट्टा हातातून गेलाच समजा. दुसरं, परक्याने येऊन डोक्यावर हात फिरवलेला त्याला आवडत नाही, आणि आपल्याकडे लिफ्टमध्ये प्रत्येकाला हात फिरवायचाच असतो. अलीकडे अभिमानाने देशी जात म्हणून लोक मुधोळ घेतात. अभिमान चांगला, पण त्याला रोज मोकळ्या मैदानात पट्टा सोडून पळवणार कोण, हे आधी घरात ठरलेलं बरं.

राहिलं गावठी. त्याला संकर समजतात, तसं ते नाही. चार जाती मिसळून गावठी झालं नाही. या मुलखात माणसांच्या वस्तीकडेने हजारो वर्षं आपलं आपण टिकलेलं ते जुनं कुत्रं आहे. त्याची वही कुणी बंद केली नाही. आखूड केस, मध्यम बांधा, पूर्ण लांबीचं नाक, म्हणजे उन्हाळ्यासाठी जे हवं ते सगळं. त्याचीही एक नोकरी आहेच: आपल्या गल्लीत कोण आलं, कोण गेलं यावर नजर ठेवायची. म्हणून घरात आणलेलं गावठी दूधवाल्याला ओळखतं, पण नव्या प्लंबरला तासभर सोडत नाही. घ्यायचं तर दोन-अडीच महिन्यांचं असताना घ्या, जंतांचं औषध आणि लसी वेळेवर, रेबीजची लस तीन महिन्यांचं झालं की, गोचिडांवर लक्ष, आणि महापालिकेचा परवाना काढायला विसरू नका. मोठं झालेलं घेताय तर आधी आठवडाभर त्याच्याच गल्लीत जाऊन त्याच्याजवळ बसा. तुमच्या घरात यायचं की नाही, हे बहुतेक वेळा तेच ठरवतं.